तासन्‌तास उभं राहणाऱ्यांसाठी पायाखालची गादीदार मॅट: आखणीपासून चाचणीपर्यंत

उभ्याने काम करणाऱ्यांसाठी मॅट बनवताना बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. फोमचा तुकडा हातात घेतात, अंगठ्याने दाबतात, अंगठा छान रुतला की तोच फोम पसंत करतात. मग थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. पोटऱ्या भरून येतात, मॅट सरकते, कडा वर वळतात, टाचेच्या जागी खळगा पडतो. दोष मापात किंवा चिकटवण्यात शोधला जातो, पण चूक त्या अंगठ्याच्या परीक्षेतच झालेली असते.

एका जागी स्थिर उभं राहिलं की पोटरीचे स्नायू ताणलेले राहतात, पण आकुंचन-प्रसरण करत नाहीत. चालताना हेच स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात. उभं राहिल्यावर ते काम मंदावतं, रक्त पायात साचतं, पाय जड होतात. चांगल्या मॅटवर शरीर तोल सांभाळण्यासाठी सतत बारीक हालचाल करतं आणि तळव्यावरचा दाबही थोडा पसरतो. मॅट फार मऊ असली तर हीच हालचाल थांबता थांबत नाही आणि घोट्याभोवतालचे स्नायू दमून जातात. राकिए चाम आणि मार्क रेडफर्न यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चार-चार तास उभं केलं होतं. पृष्ठभागांमधला फरक तिसऱ्या आणि चौथ्या तासातच ठळक झाला. कमी थकवा आला तो जास्त स्थितिस्थापक, ऊर्जा कमी शोषणाऱ्या आणि जास्त ताठर मॅटवर.

त्यामुळे खालच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा आहे: चौथ्या तासाला ही मॅट कशी वागेल? टप्प्यांचा क्रम बदलू नका. फोम आधी आणून जागा नंतर मोजणारे लोक फोम वाया घालवतात.

## १. आधी जागा आणि माणूस पाहा

कामाच्या जागी किमान तासभर नुसतं बघत बसा. जमिनीवर खडूने किंवा कागदी चिकटपट्टीने पावलं कुठे पडतात त्याच्या खुणा करा. माणूस एका जागी उभा असतो, दोन-तीन पावलं डावी-उजवीकडे टाकतो, की जागेवरच वळतो? मॅटचा वरचा पृष्ठभाग या हालचालीवरून ठरतो, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवा.

त्याबरोबर एवढं टिपा:

- मॅटवर उभं राहणाऱ्यांपैकी सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड माणसाचं वजन. सरासरीचा उपयोग नाही.
- पायात काय असतं: जाड तळव्याचे बूट, चपला, की अनवाणी पाय. आधीच मऊ तळव्याचे बूट असतील तर त्याखाली मऊ मॅट नको, दोन्ही मिळून पाय अस्थिर होतो.
- पाणी, तेल, साबण, धातूचे कीस, ठिणग्या, रसायनं यांपैकी खाली काय पडतं.
- जमीन कसली आहे: फरशी, सिमेंट, लाकूड, व्हिनाइल.
- ढकलगाडी जाते का, दार मॅटवरून उघडतं का, पायाने दाबायचं पेडल आहे का.

पेडलचा मुद्दा हमखास राहून जातो. एक पाय १८ मिलिमीटर उंच मॅटवर आणि दुसरा जमिनीवरच्या पेडलवर असेल तर दिवसभर कंबर एका बाजूला कललेली राहते. अशा जागी पेडलही तेवढंच उचलावं लागतं किंवा मॅटला खाच द्यावी लागते.

सावधान: थकवा कमी करणारी मॅट विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही. वीजरोधक मॅट हे वेगळं, वेगळ्या कसोट्यांतून गेलेलं उत्पादन आहे. विद्युत पॅनेलसमोर घरी बनवलेली मॅट टाकू नका. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग हाताळण्याच्या जागी स्थिर वीज जमिनीत उतरवणारी, अर्थिंग जोडलेली मॅट लागते. तीही वेगळी.

## २. माप आणि जाडी ठरवा

खुणांभोवती एक आयत आखा. प्रत्येक बाजूला १० सेंटीमीटर वाढवा. हा झाला उभं राहण्याचा भाग. त्याच्या बाहेर कडेचा उतार येतो आणि तो उभं राहण्याच्या मापात धरायचा नाही. समजा, पावलांच्या खुणा ५० बाय ७५ सेंटीमीटरमध्ये मावल्या. उभं राहण्याचा भाग ७० बाय ९५ झाला आणि चारी बाजूंना ५ सेंटीमीटर उतार धरला की मॅट ८० बाय १०५ ची होते. उतारच त्या ७० बाय ९५ मध्ये बसवला तर माणूस नकळत एक टाच उतारावर ठेवून उभा राहतो. गुडघ्याला त्याचा त्रास सपाट जमिनीपेक्षा जास्त होतो.

टेबलासमोर मॅट असेल तर ती टेबलाखाली साधारण १० सेंटीमीटर आत जाऊ द्या, म्हणजे चवडे मॅटवरच राहतील. टेबलाखालच्या बाजूला उतार नसला तरी अडत नाही, पण मग मॅट अधूनमधून फिरवून टाकता येत नाही आणि टाचेची जागा कायम तीच राहते. जागा असेल तर मी चारही बाजूंना उतार द्यायला सांगेन.

जाडी १५ ते २० मिलिमीटर ठेवा. १० च्या खाली जड माणसाची टाच जमिनीला टेकल्यासारखी होते. २५ च्या वर अडखळण्याचा धोका वाढतो आणि उतारही लांब द्यावा लागतो.

तपासा: मॅटवर माणूस वर येतो, म्हणजे टेबल तेवढंच खाली जातं. हलक्या हातकामासाठी टेबल कोपराच्या पाच ते दहा सेंटीमीटर खाली असावं लागतं. ते आधीच बुटकं असेल तर मॅट टाकल्यावर पाठ आणखी वाकेल. टेबलाचे पाय उचलण्याची सोय मॅटच्या आधी करा.

## ३. आतल्या थराचं साहित्य निवडा

इथे घाई नको. मॅटचं आयुष्य याच थरावर अवलंबून असतं.

ईव्हीए फोम (रबरासारखा लवचीक प्लॅस्टिक फोम) सहज मिळतो, हलका असतो, कापायला सोपा. पहिला नमुना यातच करा. पण हलक्या घनतेचा ईव्हीए लवकर दबून बसतो आणि मॅट हलकी असल्याने सरकते. खेळायच्या चटयांचा फोम या कामासाठी सहसा फारच मऊ असतो.

पॉलियुरेथेन फोम, तोही दाट आणि साच्यात ओतलेला, दाब सोडताच परत उसळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. दमट जागी पॉलिएथर प्रकारचा घ्या. पॉलिएस्टर प्रकार ओलाव्यात हळूहळू विघटित होतो. गादी-सोफ्यातला मोकळ्या छिद्रांचा फोम इथे चालत नाही: एकतर तो पूर्ण दबतो, दुसरं म्हणजे पाणी शोषतो.

पीव्हीसी फोम कोरड्या, हलक्या वापराला ठीक. त्याला मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि त्याचा परिणाम गोंदावर होतो. हा मुद्दा सातव्या टप्प्यात पुन्हा येईल.

रबर जड असतं, जागेवरून हलत नाही, ठिणगी सहन करतं. तेल पडत असेल तर नायट्राइल रबरच घ्या, कारण नैसर्गिक रबर तेलात फुगतं. फोम नसलेलं भरीव रबर मात्र फार कडक पडतं. खाली पोकळ घुमट किंवा खुंट्या असलेलं रबर घ्यावं.

जेल पहिल्या मिनिटाला सर्वांना आवडतं. टोकदार वस्तूने भोक पडलं की ते दुरुस्त होत नाही, म्हणून कामाच्या जागी मी ते टाळेन.

दोन थरांचा गाभा करायचा असेल तर खाली १२ मिलिमीटर घट्ट आणि वर ५ मिलिमीटर थोडा मऊ, असा ठेवा. उलटं केलं की घट्ट थर मऊ थरावर डुलतो आणि घोटे सतत सावरत राहतात.

सावधान: फोम ‘बंद छिद्रांचा’ आहे असं विक्रेत्याने सांगितलं तरी छोटा तुकडा वजन करून, पाण्याखाली दाबून एक रात्र ठेवा. सकाळी पुसून पुन्हा वजन करा. वजन लक्षणीय वाढलं असेल तर ओल्या जागेसाठी तो बाद.

## ४. दाबाची चाचणी: अंगठा नको, चकती वापरा

अंगठ्याचं टोक एखाद-दोन चौरस सेंटीमीटरचं. त्याने किती जोर लावला ते मोजता येत नाही आणि तो दाब क्षणभरच टिकतो. म्हणून हाताला घट्ट लागणारा फोम पायाला बरोबर असू शकतो आणि हाताला सुखद वाटणारा पायाखाली बसून जातो.

मोजणी अशी करा. ८ सेंटीमीटर व्यासाची जाड लाकडी चकती घ्या आणि तिची खालची कडा किंचित गोल घासा. तिचं क्षेत्रफळ जवळजवळ ५० चौरस सेंटीमीटर भरतं. त्यामुळे १५ किलो ठेवले की दाब दर चौरस सेंटीमीटरला ०.३ किलो, २५ किलोला ०.५ आणि ४० किलोला ०.८. बुटाच्या तळव्याचा जमिनीला टेकणारा भाग १२० चौरस सेंटीमीटर धरला तर ६०-७० किलोचा माणूस दोन पायांवर उभा असताना साधारण पहिला दाब पडतो, एका पायावर भार टाकला की दुसरा. तिसरा दाब जड माणसासाठी आणि टाचेवर एकवटणाऱ्या भारासाठी.

फोमचा निदान २० बाय २० सेंटीमीटरचा तुकडा कडक, सपाट जागेवर ठेवा. चकती मधोमध ठेवून तिच्या वरच्या पृष्ठभागाची जमिनीपासूनची उंची व्हर्नियरने (मिलिमीटरचाही बारीक भाग मोजणाऱ्या मापपट्टीने) मोजा. वजन चढवा, एक मिनिटाने मोजा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा.

माझा निकष असा आहे:

- ०.५ किलोच्या दाबाला फोम मूळ जाडीच्या १० ते २५ टक्के दबावा.
- ०.८ किलोच्या दाबाला निम्म्यापेक्षा जास्त दबू नये.
- एक मिनिट आणि दहा मिनिटं या दोन मापांत मोठा फरक नसावा.

तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. काही फोम पहिल्या मिनिटाला छान दिसतात आणि नंतर हळूहळू खाली जात राहतात. दुकानात उभं राहून हे कधीच कळत नाही. १८ मिलिमीटरचा तुकडा एका मिनिटाला ३ मिलिमीटर दबला आणि दहा मिनिटांनी ६ वर गेला, तर चौथ्या तासाला पायाखाली काय उरेल याचा अंदाज तिथेच येतो.

सामान्य चूक: मॅटचे दोन नमुने एकावर एक ठेवून त्यांवर उभं राहून ठरवणं. जाडी बदलली की सगळंच बदलतं. ज्या जाडीची मॅट बनवायची, त्याच जाडीचा तुकडा तपासा.

## ५. उसळी आणि बसका: दोन छोट्या परीक्षा

दाबाच्या चाचणीत पास झालेल्या फोमपैकी कोणता घ्यायचा, हे या दोन परीक्षा ठरवतात.

उसळी. फोमच्या प्रमाणित चाचणीत १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ५०० मिलिमीटर उंचीवरून सोडतात आणि ती किती वर उसळते ते मोजतात. हीच परीक्षा पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत, बाहेर पट्टी चिकटवून, मोबाइलच्या संथ व्हिडिओवर करता येते. नळी सरळ उभी हवी. गोळी भिंतीला घासली तर तो आकडा सोडून द्या. तीन वेळा सोडा आणि मधलं माप धरा. तुमचे आकडे प्रयोगशाळेशी जुळले नाहीत तरी चालतील. हातातल्या तीन-चार फोमची आपापसांत तुलना करायची आहे. दाबाला सारखेच वागणारे दोन फोम असतील तर जास्त उसळणारा घ्या.

बसका. १८ मिलिमीटरचा तुकडा दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून ९ मिलिमीटरपर्यंत आवळा. फळ्यांच्या कोपऱ्यांत ९ मिलिमीटर उंचीचे लोखंडी नट ठेवले की माप आपोआप सांभाळलं जातं. साध्या खोलीत ७२ तास तसाच राहू द्या. सोडल्यावर अर्धा तास थांबा, मग जाडी मोजा. १६.९ मिलिमीटर भरली तर ६ टक्के जाडी गेली. १० टक्क्यांहून जास्त जाडी कायमची गेली तर तो फोम मी वापरणार नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

तपासा: सोडल्या सोडल्या मोजू नका. अर्धा तास न थांबता मोजलं तर चांगला फोमही नापास होतो.

## ६. वरचा पृष्ठभाग आणि तळ

वरचा थर १ ते ३ मिलिमीटरचा असतो. तो फार जाड आणि कडक घेतला तर आतल्या फोमचा परिणाम झाकला जातो. म्हणून थर ठरला की त्या थरासकट चौथ्या टप्प्यातली चकतीची चाचणी पुन्हा एकदा करा.

पहिल्या टप्प्यातली हालचालींची टिपणं आता काढा. एका जागी उभ्या राहणाऱ्याला बारीक दाणेदार पृष्ठभाग पुरतो. बाजूबाजूला चालणाऱ्यालाही तोच. जागेवर वळणाऱ्याला मात्र खूप पकडणारा, खोल खाचांचा पृष्ठभाग देऊ नका: बूट तिथेच अडकतो, शरीर वळतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. घसरण्याच्या भीतीपोटी पृष्ठभाग जितका खरखरीत तितका चांगला, असं समजलं जातं. वळणाऱ्यांच्या बाबतीत ते खरं नाही.

पाणी सांडत असेल तर आरपार भोकांची रबरी मॅट हवी आणि खाली खुंट्या, म्हणजे पाणी वाहून जातं. तिथे बारीक टाचेची पादत्राणं येऊ देऊ नका.

तळाची पकड वजनाने आणि घर्षणाने मिळते. तळाच्या साहित्याचा २० बाय २० सेंटीमीटरचा तुकडा प्रत्यक्ष जमिनीवर ठेवा, त्यावर १० किलो वजन ठेवा आणि स्प्रिंग काट्याने आडवा ओढा. सरकायला लागताना काटा ६ किलो दाखवत असेल तर घर्षणांक ०.६. ०.५ च्या खाली गेलं तर तळ बदला. हीच परीक्षा जमीन ओली करून आणि मग धुळीत पुन्हा करा. धूळ हा मॅट सरकण्याचा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत दुर्लक्षित शत्रू आहे.

सावधान: व्हिनाइलच्या जमिनीवर रबरी तळ थेट ठेवू नका. रबरातली द्रव्यं व्हिनाइलमध्ये शिरून पिवळट डाग पाडतात आणि तो डाग निघत नाही.

रंगाबद्दल एवढंच: कडेचा उतार मॅटपेक्षा आणि जमिनीपेक्षा वेगळा, ठळक दिसला पाहिजे.

## ७. कापणी, उतार आणि जोडणी

मॅट कडेपासून खराब व्हायला लागते, त्यामुळे या टप्प्यातला क्रम तंतोतंत पाळा: गाभा कापा, गाभ्यालाच उतार द्या, तळ चिकटवा, मग वरचा थर उतारावरून खाली आणून चिकटवा. बरेच जण सगळे थर आधी चिकटवतात आणि शेवटी कडा तिरप्या कापतात. त्यात थरांचे सांधे उतारावर उघडे पडतात, बुटाचं टोक रोज तिथेच लागतं आणि एक दिवस वरचा थर जिभेसारखा सुटून येतो.

कापणी. नवं, लांब पातं घ्या. लोखंडी पट्टीने फोम जोरात दाबून धरला तर कापल्यावर कड आत वळलेली निघते. पट्टी हलकी धरा आणि तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापा. करवतीसारखं पुढे-मागे करू नका. कोपरे काटकोनी ठेवू नका, किमान ५ सेंटीमीटर त्रिज्येची गोलाई द्या. काटकोनी कोपरा सर्वांत आधी उचलला जातो.

उतार. १८ मिलिमीटर जाडीला ५० मिलिमीटर लांबीचा उतार म्हणजे साधारण २० अंश. याहून उभा नको. गाडी जाणार असेल तर याहून लांब द्या. उताराचं टोक शून्यापर्यंत पातळ करू नका. वरचा थर आणि तळ मिळून २ ते ३ मिलिमीटर उरू द्या. कागदासारखं पातळ टोक वळतं आणि फाटतं. पात्याने ढोबळ उतार काढून मग सँडपेपर लावलेल्या फळीने घासा. फोमची धूळ नाकातोंडात जाते, मास्क लावा.

चिकटवण्याची तयारी. साच्यातून आलेल्या फोमवर गुळगुळीत कातडी असते आणि तिच्यावर साच्याचं तेल राहिलेलं असू शकतं. ती घासून खरखरीत करा, धूळ पुसा, वाळू द्या. नेहमीचा निओप्रीन गोंद ईव्हीए आणि रबरासाठी चालतो. पीव्हीसी असेल तर पॉलियुरेथेन गोंद घ्या, कारण पीव्हीसीतून बाहेर येणारं द्रव्य निओप्रीन गोंद मऊ करून टाकतं. सुरुवातीला पक्का वाटणारा जोड काही आठवड्यांत चिकचिकीत होतो, त्याचं हे कारण.

तपासा: पूर्ण मॅटला गोंद लावण्याआधी ५ बाय १० सेंटीमीटरच्या दोन तुकड्यांवर लावून पाहा. गोंदातल्या सॉल्व्हंटने (गोंद पातळ ठेवणाऱ्या, नंतर उडून जाणाऱ्या द्रवाने) फोम वितळत नाही ना, हे लगेच कळेल. २४ तासांनी जोड ओढून उघडा. फोमच फाटला तर जोड उत्तम. गोंदाचा थर एका बाजूने स्वच्छ सुटून आला तर पृष्ठभाग नीट घासला गेलेला नाही किंवा गोंद चुकीचा आहे.

जोडणी. गोंद दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावा. बोटाला चिकटणार नाही इतका सुकू द्या. हवामानानुसार दहा ते वीस मिनिटं. ओल्या गोंदावर थर टाकणं ही इथली नेहमीची चूक. त्यात सॉल्व्हंट आत अडकतं आणि फुगे येतात. वरचा थर ठेवताना मध्ये कागद घाला, एका टोकापासून कागद सरकवत बसवत जा आणि रोलरने मधून कडेकडे दाबा. थर ताणू नका. ताणून चिकटवलेला थर नंतर आकसतो आणि मॅटच्या कडा वर ओढतो. गोलाईवर सुरकुत्या पडतील तिथे मागच्या बाजूने लहान त्रिकोणी खाचा काढा. शेवटी थर उतारावरून खाली आणून तळाच्या कडेला घट्ट चिकटवा.

सावधान: हे काम उघड्या खिडक्यांत करा आणि जवळ कोणतीही ज्योत किंवा ठिणगी नको. सॉल्व्हंटची वाफ पेटते.

## ८. सपाटपणा तपासा

मॅट सपाट जागेवर दोन दिवस राहू द्या. गुंडाळून ठेवू नका, उभी टेकवू नका. मग चारी कडांना लांब पट्टी लावा. कड जमिनीपासून २ मिलिमीटरहून जास्त उचललेली असेल तर वजन ठेवून बसवण्याचा प्रयत्न करू नका, वजन काढल्यावर ती परत उठते. वरचा थर ताणला गेला आहे, तो काढून पुन्हा लावावा लागतो. यात काटकसर करू नका. उचललेली कड म्हणजे कोणीतरी पडणार.

## ९. माणसांवर चाचणी

दोन-तीन वेगवेगळ्या ताठरपणाचे नमुने बनवा. वरचा थर सर्वांना एकसारखा, म्हणजे कोणता कोणता ते डोळ्यांना कळणार नाही. प्रत्येक नमुना पूर्ण कामाच्या दिवसासाठी द्या आणि एक दिवस नुसत्या जमिनीचाही ठेवा. तो नसेल तर तुलना कशाशी करणार?

माणसं निवडताना सर्वांत हलका आणि सर्वांत जड, दोघंही हवेत. पादत्राणं रोजचीच. दर तासाला तळवे, पोटऱ्या, गुडघे आणि कंबर यांना ० ते १० मध्ये गुण द्यायला सांगा: ० म्हणजे काहीच त्रास नाही. नमुन्यांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवा, नाहीतर आठवड्याअखेरचा थकवा शेवटच्या मॅटच्या नावावर जातो.

निकाल वाचताना पहिल्या दोन तासांचे आकडे बाजूला ठेवा आणि तिसऱ्या तासापासूनचे पाहा. बहुतेक वेळा पहिल्या तासाला सर्वांत मऊ नमुना पुढे असतो आणि दुपारी मागे पडतो. “सकाळची मस्त होती, पण आज पाय जास्त दुखले” असं कोणी म्हणालं तर ते वाक्य तसंच्या तसं लिहून घ्या. हलक्या आणि जड माणसाची पसंती वेगळी निघाली आणि जागा प्रत्येकाची ठरलेली असेल, तर दोन वेगळ्या मॅट बनवा. जागा सामायिक असेल तर जड माणसाला तळ लागणार नाही अशी, थोडी ताठर मॅट निवडा.

गुण नुसत्या जमिनीपेक्षा फारसे सुधारले नाहीत तर फोम बदलण्याआधी जागा पुन्हा बघा. दिवसभर एकाच ठिकाणी खिळून उभं राहणाऱ्याला मॅट एकटी वाचवू शकत नाही. एक पाय आळीपाळीने ठेवायला १०-१५ सेंटीमीटर उंच पायटा आणि मध्येच बसायला उंच स्टूल, या दोन गोष्टी मॅटबरोबर द्याव्यात असं माझं ठाम मत आहे.

## १०. अंथरणं, निगा आणि बदलण्याची वेळ

अंथरण्याआधी जमीन आणि मॅटचा तळ दोन्ही पुसून कोरडे करा. दोन मॅट शेजारी ठेवायच्या असतील तर मध्ये फट ठेवू नका आणि उतारावर उतारही चढवू नका. सलग लांब मॅट लागत असेल तर ती एकच बनवा.

रोज वरून पुसा आणि आठवड्यातून एकदा उचलून खालची जमीन कोरडी करा. तळाखाली अडकलेला ओलावा गोंद, जमीन आणि पकड तिन्ही बिघडवतो. ब्लीच किंवा कडक क्षार वापरणार असाल तर आधी तुकड्यावर वापरून बघा.

मॅट देतानाच तळावर तारीख आणि पाच ठिकाणची जाडी कायम शाईने लिहून ठेवा: चार कोपऱ्यांजवळ उतार संपून सपाट भाग सुरू होतो तिथे आणि पाचवी टाचेच्या जागी. दर तीन महिन्यांनी त्याच ठिकाणी मोजा आणि मॅट फिरवून टाका. टाचेची जाडी मूळच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त घटली, रात्रभर मोकळी ठेवूनही खळगा भरला नाही, किंवा कड कुठेही सुटली, तर मॅट त्याच दिवशी काढून घ्या.